बक्षीस कशाला ठेवावे? : वॉटर कपच्या चार उन्हाळ्यांचा हिशेब



गव्हाण थंड झाली, तोडणीच्या टोळ्या गावी परतल्या, की आम्हां शेतकी खात्याच्या माणसांस थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत वार्षिक सभेची एक यादी करावी लागते. एकरी जास्तीत जास्त टनेज काढणारे सभासद कोण, अडसालीत पहिला कोण, खोडव्यात कोण, ही ती यादी. शाल, श्रीफळ, टाळ्या. मांजरीचे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसुद्धा विक्रमी उत्पादनाबद्दल 'ऊस भूषण' देते आणि ते मिळाले तर गावात मिरवणूक निघते. त्यात वावगे काही नाही; मेहनतीचा मान व्हायलाच हवा.

पण यंदा यादी करताना मनात आले, की इतकी वर्षे आपण टन मोजले, त्या टनाला पाणी किती लागले हे एकदा तरी विचारले का? मी तरी विचारले नाही. आणि मग पाण्यासाठीच ठेवलेल्या एका मोठ्या बक्षिसाची आठवण झाली. त्याची हकीकत आपणांस सांगावी म्हणून हा लेख.

बक्षीस गावाला, माणसाला नव्हे

आमिर खान आणि किरण राव यांनी २०१६ साली पाणी फाउंडेशन ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'सत्यमेव जयते वॉटर कप' सुरू केला. कल्पना ऐकायला सोपी, करायला धाडसाची होती. दुष्काळी गावाने सरकारची वाट न पाहता एका उन्हाळ्यात आपल्या हातांनी शिवारात पाणी मुरवण्याची कामे करावीत. जे गाव सर्वांत चांगले काम करील त्यास बक्षीस. पैसा सरपंचाच्या खिशात नाही की पुढाऱ्याच्या नावावर नाही, सगळ्या गावाला.

पहिल्या वर्षी तीनच तालुके होते : सातारचा कोरेगाव, बीडचा अंबाजोगाई आणि अमरावतीचा वरुड. कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले, ५० लाख रुपये मिळाले. २०१७ साली ३० तालुके झाले आणि वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या लहानशा आदिवासी गावाने बाजी मारली. २०१८ साली ७५ तालुके. पहिले बक्षीस ७५ लाख, ते माण तालुक्यातील टाकेवाडीला. २०१९ साली बार्शी तालुक्यातील सुर्डी. चार उन्हाळे, चार गावे.

पण बक्षीस चार गावांचे म्हणून काम चारच गावांत झाले असे मात्र नाही. एक गाव पहिले यावे म्हणून हजारो गावांनी माती उपसली. ज्यांना एक पैसा मिळाला नाही त्यांच्याही नाल्यात पाणी थांबले. थोड्या पैशात मोठे काम उभे करण्याची ही युक्ती होती. आपल्या सभासदांस ती लगेच कळेल. कारण सहकारात लहान लहान भागांवर कारखाना उभा राहतो, तसेच इथे घमेल्या-घमेल्यावर बंधारा उभा राहिला.

काम कसे चाले

गावाने माणसे निवडायची, त्यांत बायकाही. त्यांना राहण्या-जेवण्यासह प्रशिक्षण. पाणी माथ्यावरून पायथ्याकडे कसे येते, समतल रेषा कशी काढायची, चर कुठे खणायचा, दगडी बांध कुठे घालायचा, हे शिकून ती माणसे गावी येत. मग ठरलेल्या तारखेपासून झुंज. २०१८ साली ८ एप्रिल ते २२ मे, असे भर उन्हातले ४५ दिवस होते. त्याच वर्षी १ मे रोजी शहरातील माणसेही श्रमदानाला आली. पोरं, म्हातारी, नवी नवरी, सगळे टिकाव-फावडे घेऊन डोंगरावर. मोठ्या कामाला पोकलेन, बारीक कामाला हात.

गुण फक्त खोदाईला नव्हते. शोषखड्डे, रोपवाटिका, माती परीक्षण, पाण्याचा ताळेबंद आणि 'आगपेटीमुक्त शिवार' यांनाही गुण होते. या शेवटच्या शब्दावर ऊसवाल्यांनी जरा थांबावे. तोड झाली की संध्याकाळी पाचटाला काडी लावायची ही आपली सवय. एकरी तीन-चार टन पाचट आपण धूर करून टाकतो; तेच सरीत दाबले तर ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते आणि जमिनीला खत मिळते.

जरा पाटी-पेन्सिल घ्या

आता हिशेब. एक गाव धरा, शिवार १००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. एकूण पडणारे पाणी ५० लाख घनमीटर. ऐकायला भरपूर वाटते. यातले काही वाहून जाते, बरेचसे उडून जाते, काही पिके आणि झाडे पितात आणि राहिलेले मुरते.

याच गावात १०० हेक्टर ऊस झाला असे समजा. पाटपाण्याच्या उसाला वर्षाचे २००० मिलिमीटर धरू. अडसालीला याहून जास्तच जाते. त्यांतले ५०० पावसाने दिले, बाकी १५०० विहिरीतून. म्हणजे १५ लाख घनमीटर. शिवाराचा दहावा हिस्सा जमीन, पण उरलेल्या नऊ हिश्श्यांवर पडलेल्या पावसाचा तिसरा भाग त्या एका पिकाने ओढला!

अजून बारीक करू. एक एकर उसाला बाहेरून ६००० घनमीटर पाणी. एक घनमीटरचा चर पावसाळ्यात सहा वेळा भरून मुरला असे धरले, आणि मुरलेला थेंब न् थेंब विहिरीत आला असे मानले, तरी एका एकरासाठी असे १००० चर खणावे लागतील. एका माणसाचा एक एकर, आणि त्यासाठी गावाचे हजार घनमीटर कष्ट.

माझ्या नोंदवहीतील एक पान

हे आकडे मी पुस्तकातून काढले नाहीत. एका प्रश्नाने काढायला लावले. आपल्या कार्यक्षेत्राच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पूर्वी तिथे जानेवारीत टँकर लागे आणि उसाची नोंद घ्यायला आमचा माणूस कधी जात नसे. ते गाव स्पर्धेत उतरले. नंबर आला नाही, पण काम चोख केले. पुढे एका चांगल्या पावसाळ्यात विहिरी भरल्या. आणि गट ऑफिसात त्या गावचे लोक लागणीची नोंद घेऊन आले. पहिल्या वर्षी चौघे-पाच जण. तिसऱ्या वर्षी नोंदवहीचे पान पुरेना. नवे कार्यक्षेत्र मिळाले म्हणून मला शाबासकी मिळाली. खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता.

मग एका मार्चमध्ये लागण पाहायला गेलो. पाण्याच्या टाकीपाशी हंड्यांची रांग. रांगेतल्या एका मावशींनी मला ओळखले. त्यांना जमीन नाही, पण स्पर्धेच्या दिवसांत एक दिवस खाडा केला नव्हता. म्हणाल्या, "सायेब, घमेली आमी उचलली. पानी मातूर ज्येची इहीर त्येच्या उसाला. आमाला पुन्यांदा टँकरच."

मी काय उत्तर देणार? "बघू मावशी" म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली. पण ते वाक्य अजून पाठीवर बसून आहे.

बक्षिसाला न जमलेली गोष्ट

वॉटर कपला नावे ठेवावीत असा हेतू नाही. पण ४५ दिवसांत माती हलवता येते, सवय हलत नाही. खोदायला गाव एक होते, कारण खोदताना सगळ्यांचे सारखेच जाते. वाटायला एक होत नाही, कारण तिथे विहीर एकाची असते. शिवाय चर पाऊस पाडत नाही. २०१८ साली स्पर्धा जोरात झाली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. ऑक्टोबर अखेरीस राज्यातील १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले.

संस्थेनेही पुढे वाट बदलली. २०१९ नंतर वॉटर कप झाला नाही. २०२० साली 'समृद्ध गाव' स्पर्धा आली. तिच्यात पाणी साठवण्याबरोबर ते वापरायचे कसे, जमीन, गवत, झाडे हेही धरले. २०२२ पासून 'फार्मर कप' आला, त्यात शेतकऱ्यांनी गट करून शेती करायची. आधी साठवण, मग वापर, मग एकत्र शेती, असा हा प्रवास आहे.

वाटपाचा प्रश्न महाराष्ट्रात कुणी सोडवलाच नाही असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या मोजणीने, माणशी अर्ध्या एकराला. भूमिहीनालाही हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस नाही. नगरचे हिवरे बाजार पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. तिथेही उसाला आणि शेतीच्या बोअरला बंदी.

मग आम्ही ऊस सोडायचा काय?

असे कुणी तरी म्हणणारच. बंधूंनो, माझा पगार उसावर आहे, माझ्या पोरांच्या फिया उसावर भरल्या. ऊस सोडा असे मी सांगणार नाही. कांद्याला भाव मिळेल याची खात्री कुणी देत नाही, उसाला बिल मिळते. तेव्हा विहिरीला पाणी दिसताच शेतकरी ऊस लावतो यात त्याचा गुन्हा नाही. पण ठिबकवर तोच ऊस ४० ते ५० टक्के कमी पाण्यात येतो, हे आपल्याच कित्येक सभासदांनी करून दाखवले आहे.

माझे म्हणणे इतकेच, की माणूस बक्षीस ज्यावर ठेवाल ते वाढवतो. पाणी मुरवण्यावर ठेवले, तर गावे रात्रीची डोंगरावर गेली. आपण नुसत्या टनेजवर ठेवले, तर टनेज वाढले आणि विहिरी खोल गेल्या. म्हणून तीन सूचनांचे टिपण मी संचालक मंडळापुढे ठेवले आहे. ते सभेपुढे यावे अशी विनंती आहे.

एक, टनेजच्या बक्षिसाबरोबर 'पाण्याचे बक्षीस' सुरू करावे. मोटारीचे तास वहीत लिहावेत, मोटारीचे पाणी एकदा मोजून घ्यावे आणि हजार लिटरला किती किलो ऊस निघाला यावर नंबर काढावा. वही तपासायला आमचे शेतकी मदतनीस येतील.

दोन, ज्या गावांनी श्रमदानाने पाणी मुरवले, तेथील नवी लागण ठिबकवरच नोंदवावी आणि ठिबकसाठी त्या सभासदांस कारखान्याने आधी हात द्यावा. नुसती अट घालून हात झटकू नयेत.

तीन, हे बक्षीस एकट्याला न देता गावाच्या गटाला द्यावे आणि ते देताना मार्च महिन्यात त्या गावच्या पिण्याच्या विहिरीत पाणी किती होते ते पाहावे. टँकर लागला तर बक्षीस नाही, मग टनेज कितीही असो.

तिसरी सूचना माझी नाही. ती हंड्याच्या रांगेतल्या त्या मावशींची आहे. मी फक्त लिहून काढली. पुढच्या मार्चात मला त्या गावी पुन्हा जायचे आहे. तोवर सभेत काय ठरते ते आपल्या हाती आहे. सभेला अवश्य यावे, आणि येताना आपल्या मोटारीचे तास मनाशी धरून यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी