पटावर बसायचे कोणी?

नामपूरसारख्या बाजाराच्या गावात बुद्धिबळाचा डाव रंगायचा तो ओट्यावर. खडूने आखलेला पट, खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे आठ. चाल परत घेण्यावरून भांडण ठरलेलेच. वाचकांपैकी अनेकांनी आपल्या आजोबांना किंवा मामांना असे खेळताना पाहिले असेल.

त्या ओट्यावरचे नियम मात्र आजच्या स्पर्धेचे नव्हेत. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे, ज्या घरात पोचले त्या घरचेच मोहरे होई. शिवाय गावागणिक फरक वेगळा. प्याद्याने मात केली तर तिचा मान मोठा, कारण सर्वांत लहान शिपायाने राजा अडवला! अशा परिस्थितीत एका गावचा पट्टीचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला की आधी नियमांवरच वाद सुरू व्हायचा.

ही अडचण किती मोठी होती ते मीर सुलतान खान यांच्याकडे पाहून कळते. पंजाबातले सरदार सर उमर हयात खान यांच्या पदरी ते होते. देशी नियमांवर वाढलेले सुलतान खान विलायतेत गेले, परके नियम शिकले आणि 1929, 1932 व 1933 अशी तीन वर्षे ब्रिटनचे विजेते झाले. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. त्याच घरात चाकरीला असलेल्या फातिमा यांनी 1933 मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळवले. पण मालक परतले, त्यांच्यासोबत सुलतान खानही परतले आणि मोठ्या स्पर्धा सुटल्या. त्यांना ग्रँडमास्टर हा मानाचा किताब मिळाला तो 2024 मध्ये, मृत्यूनंतर 58 वर्षांनी.

आपल्याकडे एकसारख्या नियमांची घडी बसवली ती मंडळांनी आणि संघटनांनी. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 मध्ये निघाला. 1955 मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या यांनी वाटून घेतले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा नेटाने चालवल्या. तिथलीच भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती झाली.

पण नियम एक झाले तरी पटावर बसायला सगळ्यांना मोकळीक होती असे नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनींची हकिकत घरातल्या मुलींना जरूर सांगावी. 1974 च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती जिंकली. पुढची काही वर्षे वासंती, जयश्री व रोहिणी या तिघींनी ते पद घराबाहेर फारसे जाऊच दिले नाही. मग 1976 मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि एकच गदारोळ उठला. हरलो तर मुलीकडून हरलो असे होईल, ही खरी भीती असावी, असे आपले आम्हाला वाटते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही महिलांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. हीच रोहिणी 1981 मध्ये आशियाई महिला विजेती झाली.

आपला नाशिक जिल्हाही मागे नाही. नाशिकचा विदित गुजराथी 2013 मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला विश्वचषक पटकावला. दोघांचेही आईवडील डॉक्टर आहेत. त्यांच्या मेहनतीला यामुळे कमीपणा येत नाही. पण शिकवणी, प्रवास, राहण्याचा खर्च रोजंदारीच्या घराला कसा झेपणार, हा प्रश्न उरतोच.

स्पर्धा भरवणे मात्र आवाक्यातले आहे. बाद पद्धत ठेवली तर 64 मुलांतली 32 पहिल्याच डावाला घरी जातात, आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचे म्हटले तर 63 फेऱ्या लागतात. यावर 1895 मध्ये झुरिकला वापरलेली स्विस पद्धत हा उतारा आहे. दर फेरीला जिंकलेला जिंकलेल्याशी आणि हरलेला हरलेल्याशी खेळतो, एकदा भिडलेले दोघे पुन्हा भिडत नाहीत आणि बाद कोणीच होत नाही. सहा फेऱ्यांत 64 जणांचा निकाल बहुधा लागतो. विदितने 2023 मध्ये ग्रँड स्विस जिंकली, तीही याच पद्धतीची. जयंतीच्या कार्यक्रमांत समाजमंदिरात एक रविवार यासाठी ठेवता येईल. दोन खेळाडूंना एक पट, चाली लिहायला वही, आणि हात लावलेले मोहरेच चालवायचे हा नियम पहिल्या फेरीआधी मोठ्याने वाचून दाखवावा. सल्ला देणाऱ्या आठ जणांना बाहेर चहा पाजावा.