विश्लेषण : रेटिंग ४.७, तरीही जेवण का फसते? मुंबईत बाहेर जेवायला जाण्याआधी काय पाहावे?

रविवारी सकाळी फॅमिली ग्रुपवर ‘आज बाहेर जेवू या’ असा मेसेज पडतो आणि पुढच्या अर्ध्या तासात चाळीस मेसेज होतात. आजीला कांदा-लसूण चालत नाही, बाबांना मासे हवेत, धाकट्याला पिझ्झा, सोबत येणाऱ्या मैत्रिणीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. ज्याच्या खिशातून बिल जाणार तो गप्प असतो. शेवटी कोणीतरी एक स्क्रीनशॉट टाकतो, ‘४.७ रेटिंग आहे, चला!’ आणि वाद मिटतो. दोन तासांनी मात्र आजीने फक्त दहीभात खाल्लेला असतो, बाबा ‘हे कसले कालवण’ म्हणत असतात आणि बिलात सर्व्हिस चार्जची न मागितलेली ओळ असते.

मुंबईसारख्या शहरात हे वारंवार घडते, कारण तिथे पर्याय जितके आहेत तितक्याच खाण्याच्या पद्धतीही आहेत. तो एक आकडा त्या सगळ्यांना पुरत नाही. मग पाहायचे काय?

४.७ हे ४.२ पेक्षा चांगले नाही का?

दरवेळी नाही. समजा, ‘अ’ हॉटेलला ३८ जणांनी मिळून ४.७ रेटिंग दिले आहे आणि ‘ब’ हॉटेलला ६,००० जणांनी ४.२. पहिल्याच्या ३८ जणांत मालकाचे नातेवाईक, मित्र आणि उद्घाटनाला आलेली मंडळी किती, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी संख्याशास्त्रात एक साधी युक्ती वापरतात. प्रत्येक हॉटेलच्या खात्यात १०० ‘सर्वसाधारण’ मते, म्हणजे प्रत्येकी ४.० ची, आधीच जमा आहेत असे धरायचे. मग ‘अ’चे सरासरी रेटिंग ४.१९ वर येते आणि ‘ब’चे ४.२० वर राहते. म्हणजे दोघे जवळपास सारखेच, उलट ‘ब’ किंचित पुढे. मते जितकी कमी, तितका आकडा हलका, एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

या आकड्यावर मोठे अर्थकारण उभे आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. ‘येल्प’वर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. एवढे पैसे जिथे आहेत तिथे खोटे रिव्ह्यू येणारच. भारतात भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले. मात्र ते ऐच्छिक आहे.

आणखी एक घोळ म्हणजे घरपोच मागवलेल्या जेवणाचे रेटिंग आणि तिथे बसून खाल्लेल्या जेवणाचे रेटिंग वेगवेगळे असू शकते. काही अ‍ॅप हे दोन आकडे स्वतंत्र दाखवतात. पंख्याखाली गरम वाढलेली थाळी आणि ट्रॅफिकमधून तासाभराने आलेला डबा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग रिव्ह्यू वाचावेत की नाही?

वाचावेत, पण तारे बाजूला ठेवून. पाच ताऱ्यांच्या रिव्ह्यूत ‘ऑसम’ असते आणि एका ताऱ्याच्या रिव्ह्यूत बहुतेकदा पार्किंगचे भांडण. कामाची माहिती मधल्या, तीन ताऱ्यांच्या रिव्ह्यूत सापडते, तीही गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या. आचारी बदलला की जुने हजार रिव्ह्यू निरुपयोगी होतात.

खरी मेख मात्र वेगळी आहे. लिहिणाऱ्याची जीभ कुठली, हे पाहावे लागते. उडुपी पद्धतीच्या सांबारात गुळाचा गोडसरपणा असतो. तमिळ घरात वाढलेला माणूस त्यालाच ‘सांबार गोड आहे’ म्हणून एक तारा कापतो. नल्ली निहारीवर तरंगणारी तर्री ही त्या पदार्थाची ओळख आहे, पण ‘खूप तेलकट’ अशी तक्रार हमखास दिसते. सोलकढी आंबट लागली म्हणून नाराज झालेले लोकही कमी नाहीत. कलिना-सांताक्रूझ परिसरात ईशान्य भारतातील जेवण मिळते. तिथल्या अखुनीला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनला, उग्र वास असतो आणि तो असायलाच हवा. अशा ठिकाणाला कोणी वासासाठी नावे ठेवली असतील, तर ज्याला तोच पदार्थ हवा आहे त्याच्यासाठी ती शिफारस ठरते.

एकाच प्रकारचे जेवण जेवणाऱ्या गावात सरासरीला काही अर्थ असतो. मुंबईत ती दहा वेगवेगळ्या जिभांची सरासरी असते.

कुठल्या भागात काय खावे, आणि का?

मुंबईत चांगल्या जेवणाचा सर्वात जुना नकाशा लोकवस्तीचा आहे. जो समाज ज्या भागात येऊन राहिला, त्याच्या रोजच्या जेवणासाठी तिथे स्वयंपाकघरे उभी राहिली. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवता येत नाही, म्हणून ती टिकली.

माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबे स्थायिक झाली. रामाश्रय १९३९ चे, कॅफे मद्रास १९४० चे, तर केळीच्या पानावर जेवण वाढणारे ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. ‘बोर्डिंग’ हा शब्दच सांगतो की हे घरापासून दूर राहणाऱ्या नोकरदारांसाठी होते. फोर्टमधली ‘लंच होम’ही तशीच. बँका आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या मंगळुरी मंडळींना दुपारी घरच्यासारखा मासा-भात मिळावा म्हणून ती सुरू झाली आणि पुढे त्यातली काही महागडी सीफूड रेस्टॉरंट झाली. काळबादेवीत कापड बाजारातल्या गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांमुळे भोजनालये आली. १९४५ चे श्री ठाकर भोजनालय त्यातलेच. भेंडी बाजारात नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध असलेले नूर मोहम्मदी १९२३ चे. त्याच वर्षी बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया सुरू झाले, जे आज बेरी पुलावासाठी ओळखले जाते. धोबी तलावजवळचे कयानी त्याहून जुने, १९०४ चे. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांना चेंबूर कॅम्पात जागा मिळाली, म्हणून दाल पकवान खायचे तर आजही पावले तिकडेच वळतात.

मराठी जेवणाचे काय? गिरणगावात खानावळी होत्या, पण त्यातल्या बहुतेकींना पाटी नव्हती. लालबाग-परळच्या चाळींत बायका दहा बाय दहाच्या खोलीत गिरणी कामगारांना जेवू घालत. त्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी आणि बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरण्या गेल्या, खोल्यांमधल्या खानावळीही बहुतांशी गेल्या, पण मालवणी-गोमंतकी जेवणाची ठिकाणे लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात अजूनही दाट आहेत. शाकाहारी मराठी पदार्थांसाठी शिवाजी पार्क परिसरातील प्रकाश आणि आस्वाद यांच्यासमोरच्या रांगा दादरकरांना नव्या नाहीत.

याचा उपयोग असा : एखाद्या अनोळखी ठिकाणी जाण्याआधी ‘हे जेवण रोज खाणारे लोक इथे आसपास राहतात किंवा काम करतात का’ हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ असेल आणि दुपारी दीड वाजता टेबले भरलेली असतील, तर रेटिंग पाहिले नाही तरी चालते. उलट मेन्यूत मालवणी थाळी, हक्का नूडल्स, पास्ता आणि छोले भटुरे एकत्र असतील, तर त्यातले काय रोज खपते ते वेटरला विचारावे. बाकीचे फ्रीझरमधून येण्याची शक्यता अधिक.

पावसाळ्यात मासे खावेत का?

राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. मेन्यूवर पापलेट-सुरमई तरीही असते. ती शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली असू शकते. त्यात बेकायदा काही नाही, पण ‘फ्रेश कॅच’चा भाव लावला जात असेल तर विचारायला हवे. या दिवसांत खाडीची मासळी, सुकट, बोंबील असे काही आहे का, हे विचारणारे गिऱ्हाईक मालकालाही आवडते. शिवाय मराठी भागातल्या मच्छीच्या खानावळीत बुधवार, शुक्रवार, रविवार हे खपाचे दिवस. सोमवारी किंवा गुरुवारी आदल्या दिवसाचा मासा पानात येण्याची भीती जास्त. श्रावणात तर अनेक ठिकाणी भट्टी अर्धीच पेटते.

‘प्युअर व्हेज’ची पाटी पुरेशी आहे का?

पाटीवरून मांसाहार नाही एवढे कळते. कांदा-लसूण आहे का, हे कळत नाही. जैन जेवणात कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचे इतर कंद चालत नाहीत. स्वामीनारायण पंथीयांना बटाटा चालतो, पण कांदा-लसूण नाही. ‘जैन मिळेल’ असे सांगणाऱ्या अनेक ठिकाणी ग्रेव्ही आधीच तयार असते आणि तीत कांदा असतो. म्हणून ‘जैन ग्रेव्ही वेगळी करता का’ असा नेमका प्रश्न हवा. मिश्र हॉटेलात तळणीची कढई वेगळी आहे का, हेही विचारावे. हलालबाबतही तेच, पाटी नसेल तर विचारण्यात संकोच नको. हा प्रश्न मुंबईतल्या वेटरला रोज ऐकावा लागतो.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न मात्र जिवाशी येऊ शकतो. ‘पीनट अ‍ॅलर्जी आहे’ असे म्हटल्यावर वेटर मान डोलावतो आणि भरल्या वांग्यात दाण्याचा कूट तसाच येतो, कारण त्याच्या लेखी शेंगदाणा म्हणजे खारे दाणे. ‘कूट घातला आहे का? शेंगदाणा तेल वापरता का?’ असे विचारावे आणि शक्य असेल तर ते आचाऱ्यापर्यंत पोहोचवायला लावावे. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांना मेन्यूत उष्मांक आणि अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. एकट्यादुकट्या हॉटेलात ही सोय नसते.

स्वच्छता बाहेरून कशी ओळखावी?

प्रत्येक खाद्य व्यवसायाकडे ‘एफएसएसएआय’चा १४ अंकी क्रमांक असतो. तो दर्शनी भागात लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणेही बंधनकारक आहे. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. त्यापुढील दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. हा क्रमांक ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे हे दिसते. बिलावर क्रमांकच नसेल, तर पुढच्या वेळी दुसरे हॉटेल शोधावे.

याच संस्थेची हायजीन रेटिंग योजनाही आहे. त्यात एक ते पाच हसरे चेहरे मिळतात, पण सहभाग ऐच्छिक असल्याने स्टिकर नाही म्हणजे घाण, असे म्हणता येत नाही. तळणीच्या तेलासाठी मात्र नियम आहे. वारंवार तापवल्याने तयार होणारी ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. टेबलावर बसून हे मोजता येणार नाही, पण काळपट वडा आणि घशात खवखव एवढे तर कळते. हात धुण्याच्या बेसिनजवळ साबण आणि टॉवेल कसे आहेत तेही पाहावे. गिऱ्हाइकाला दिसणारी जागाच अस्वच्छ असेल, तर न दिसणाऱ्या जागेबद्दल आशा ठेवण्यात अर्थ नाही.

बिल आल्यावर काय तपासावे?

साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, मग एसी असो वा नसो. महागड्या तारांकित हॉटेलांतील रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर वेगळा व्हॅट असतो. लहान हॉटेल ‘कंपोझिशन’ योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. पाण्याच्या बाटलीवरून होणाऱ्या भांडणाचा निकाल मात्र ग्राहकाच्या बाजूने नाही. हॉटेलात बसून पिताना छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे.

सर्व्हिस चार्जचे तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली : सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही आणि त्यासाठी ग्राहकावर सक्ती करायची नाही. रेस्टॉरंट संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे ग्राह्य ठरवत त्यांच्या याचिका फेटाळल्या.

फरक किती पडतो? २,००० रुपयांच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी धरून बिल २,१०० होते. १० टक्के सर्व्हिस चार्ज लावून त्या बेरजेवर जीएसटी लावला, तर २,३१०. म्हणजे २१० रुपये जास्त, त्यातले १० रुपये करावरच्या कराचे वाटावेत असे. हे पैसे वेटरच्या खिशात किती जातात, हे त्याच वेटरला विचारून पाहावे. सेवा आवडली असेल तर टिप त्याच्या हातात देता येते.

बिल चुकीचे असेल तर पैसे देण्याआधी शांतपणे ती ओळ काढायला सांगावी. बहुतेक ठिकाणी मॅनेजर दुसरे बिल आणून देतो. नाही म्हटले तर बिलाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. अन्नात काही निघाले किंवा खाऊन त्रास झाला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. त्या वेळी बिल, त्यावरचा १४ अंकी क्रमांक आणि डॉक्टरची चिठ्ठी हाताशी हवी. यूपीआयने पैसे दिले म्हणून छापील बिल न घेता निघालेल्यांची तक्रार इथेच अडकते.