दोन कोटी साठ लाखांचा गडी

लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली 'महाराष्ट्र केसरी' हा किताब मिळवला, तेव्हा इनाम आणि कीर्ती ही दोन्ही एकाच देहाच्या परिश्रमाची फलश्रुती होती; आखाड्यात भागीदार नसतो, म्हणून मल्लाच्या मोबदल्याचा जमाखर्च मांडणे सोपे असते. तोच हिशेब सात गड्यांच्या कबड्डीला लावू गेल्यास मात्र बेरीज जुळत नाही, आणि नांदेड-लातूरकडील ज्या रसिकांचा जीव प्रो कबड्डीच्या सामन्यांत गुंतलेला असतो, त्यांनी ती का जुळत नाही हे मुळापासून पाहण्याजोगे आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. संपूर्ण संघ उभा करण्यासाठी प्रत्येकाला ५ कोटींचीच मर्यादा असल्यामुळे निम्म्याहून अधिक तरतूद एका करारनाम्यात संपली, आणि उरलेल्या रकमेत बाकीचा सगळा संघ भागवावा लागला. पवनने आपल्या कामात कसूर केली नाही. त्या हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. तरीही बावीस सामन्यांपैकी दोनच जिंकून टायटन्स बाराव्या, म्हणजे शेवटच्या, स्थानी राहिले.

याचे कारण खेळाच्या नियमांतच आहे. चढाईपटू पकडला गेला की तो बाद होऊन रेषेबाहेर बसतो, आणि त्याच्या संघातील कोणी प्रतिपक्षाचा गडी टिपीपर्यंत किंवा पकडीपर्यंत, नाहीतर अख्खा संघच बाद होईपर्यंत, तो जिवंत होत नाही. बचावफळी दुबळी असेल, तर सर्वांत महागडा खेळाडू सामन्याचा मोठा काळ बाहेर बसूनच घालवतो. म्हणजे ज्या कोपरारक्षकाच्या वाट्याचा पैसा काढून चढाईपटूला दिला, त्याच कोपरारक्षकाच्या पकडीवर चढाईपटूचे पुनरागमन अवलंबून असते; अवास्तव किंमत स्वतःचाच पाया पोखरते, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

कोल्हापूरकडील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईचे उदाहरण याहून बोलके आहे. यू मुंबाने २०१८ साली त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले आणि त्या पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढल्या वर्षी टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याच्या गुणांत फारशी घट झाली नाही, पण टायटन्स अकरावे आले आणि त्याच्याविना खेळलेला यू मुंबा उपांत्य फेरीत पोहोचला. नवोदिताचे मोल कोणी जाणत नसते तेव्हाच तो संघाला खरा लाभ देतो. एकदा त्याची कीर्ती झाली की माळेगावच्या यात्रेत एकाच घोड्यावर दोन श्रीमंत गिऱ्हाइकांची नजर पडावी तसे होते: अखेरचा आकडा घोड्याच्या चालीवरून नव्हे, गिऱ्हाइकांच्या ईर्षेवरून ठरतो.

दुखापतीचा धोका निराळाच. २०२२ साली तमिळ थलैवाजने याच पवनसाठी २ कोटी २६ लाख दिले आणि पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन तो हंगामाला मुकला. मात्र तरुण नरेंदर कंडोलाने चढाईची धुरा उचलली आणि त्या संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. प्रख्यात नावामुळे प्रेक्षक आणि जाहिरातदार आकृष्ट होतात हे मान्य. पण तो मालकाच्या तिजोरीचा मामला झाला, गुणतक्त्याचा नव्हे.

मोठी रक्कम कधीच वसूल होत नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पुणेरी पलटणने २०२३ साली इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांत घेतले आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून विजेतेपद मिळवले. पण पलटणचा संघ त्याआधीच घडलेला होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते हे तरुण एकत्र वाढले होते आणि आदल्या हंगामात हा संघ अंतिम सामना हरलाही होता. शादलुईची खरी मातब्बरी चढाईत नव्हे, डाव्या कोपऱ्यातील पकडीत. पुढल्या वर्षी हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांत नेले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीत करंडक हरियाणाकडे गेला.

आपल्याकडील मैदानांवर पोरे चढाईचीच स्वप्ने पाहतात आणि टाळ्याही चढाईलाच पडतात. नांदेड-लातूरच्या प्रशिक्षकांनी ज्यांच्या मनगटात घोटा धरून ठेवण्याची ताकद आहे अशा मुलांना डाव्या कोपऱ्यात उभे करून वर्षानुवर्षे घडवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या जागेसाठी आता दोन कोटींची बोली लागते.