वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल: इंजिनाआधी तेल तपासा

भज्या-वड्यांचे घाणे काढून काळं पडलेलं तेल डिझेल इंजिनात वापरता येईल का, हा प्रोजेक्टसाठी आवडता विषय. बरेच जण थेट इंजिनावर रीडिंग घ्यायला धावतात. पण ती रीडिंग किती भरवशाची, हे आधीच लॅबमधल्या बाटलीत ठरलेलं असतं.

मुळात तेल तसंच इंजिनात का घालत नाहीत? 40 अंश सेल्सिअसला डिझेलची व्हिस्कॉसिटी 2 ते 4.5 सेंटिस्टोक असते, खाद्यतेलाची साधारण 30 ते 40. इतक्या घट्ट तेलाचा बारीक फवारा होत नाही. ते अर्धवट जळतं आणि इंजेक्टरवर कार्बन साचतो. म्हणून तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवतात. यालाच ट्रान्सएस्टरिफिकेशन म्हणतात. ग्लिसरीन खाली बसतं. वर राहतं ते मिथाइल एस्टर, म्हणजे बायोडिझेल. त्याची व्हिस्कॉसिटी 4-5 सेंटिस्टोकपर्यंत उतरते.

खरी मेख इथे आहे. तळताना पदार्थातल्या पाण्यामुळे तेलाचं विघटन होतं आणि मुक्त मेदाम्लं वाढतात. अशा तेलात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की साबण होतो, थर नीट वेगळे होत नाहीत आणि उत्पादन घटतं. म्हणून आधी टायट्रेशन करून आम्लमूल्य काढा. त्याच्या निम्मं केलं की मुक्त मेदाम्लांची टक्केवारी अंदाजे कळते. ती 1 टक्क्याच्या आसपास असेल तर एकाच टप्प्यात काम होतं. आम्लमूल्य 8 आलं, म्हणजे सुमारे 4 टक्के, तर आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल वापरून एस्टरिफिकेशन करावं लागतं.

आता इंजिन. बायोडिझेलमध्ये वजनाने 10-11 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड सहसा कमी होतात. उष्मांकमूल्य मात्र डिझेलपेक्षा सुमारे 10-12 टक्के कमी, म्हणून इंधन जास्त लागतं. नायट्रोजन ऑक्साइड बऱ्याचदा थोडे वाढतात.

पण हा फरक बायोडिझेलमुळेच पडला, हे कशावरून? मिथेनॉल उरलं असेल तर फ्लॅश पॉइंट खाली येतो. अभिक्रिया अर्धवट असेल तर व्हिस्कॉसिटी जास्त दिसते. या दोन साध्या चाचण्या केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

अजून एक. दर हॉटेलचं तेल वेगळं असतं. एफएसएसएआयच्या नियमानुसार 1 जुलै 2018 पासून एकूण ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, पण त्या मर्यादेपर्यंत प्रत्येक तेल वेगवेगळ्या वाटेने पोचतं. सगळ्या चाचण्यांपुरतं तेल एकदाच गोळा करा, गाळा, एकत्र मिसळा आणि त्याचं आम्लमूल्य वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करायचा असेल, तर सुरुवात त्याच आकड्यापासून होईल.