कुंडल रोड ते लॅमिंग्टन रोड

किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि पुढं स्टेशनानंही वाडीचंच नाव घेतलं. आमचं कुंडल तिथून जवळच. मुंबईला जायचं तर महालक्ष्मी इथंच पकडायची. बरोबर पिशव्या रिकाम्या, खिशात वहीचं फाडलेलं पान आणि पानावर यादी. त्या यादीत मसाला, साड्या, भांडी असलं काही नसायचं. असायचे व्हॉल्व्ह, गँग कंडेन्सर, स्फटिक, सिरॅमिकचे बेस आणि इनॅमलची तार.

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात हॅम रेडिओचा नाद लागलेली माणसं एका बाकावर बसतील एवढीच होती. कारखान्यातला एक फिटर, एक शाळामास्तर, रेडिओ दुरुस्त करणारा एक गडी आणि मी. हॅम म्हणजे स्वतःच्या हौसेनं, सरकारी परवाना घेऊन बिनतारी यंत्रावर बोलणारा माणूस. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, राजकारण बोलायचं नाही. मग बोलायचं काय? बहुतेक वेळ एकच: तुझा आवाज मला कसा येतो, माझा तुला कसा येतो. बाहेरच्याला हे खुळचट वाटतं, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही.

आजच्या पोरांना पटत नाही, पण त्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलाही पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. मग बोलायच्या रेडिओची तऱ्हा काय सांगावी! १९७८ च्या नियमांप्रमाणे परीक्षा, तीत मोर्सची टकटक मिनिटाला निदान ५ शब्द, आणि त्यानंतर पोलिसांची चौकशी. मास्तरांच्या घरी हवालदार आले तेव्हा त्यांनी चहा घेतला, भिंतीवरचा जगाचा नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “मास्तर, ह्याच्यावर पाकिस्तान लागतं का?” मास्तर खरं बोलणारे. म्हणाले, “हवा चांगली असली तर लागतं.” त्यानंतर चौकशी आणखी तासभर चालली.

सरकार या यंत्राला का बिचकतं, हे कुंडलकराला समजावून सांगायला नको. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी हौशी लोकांना आपापली प्रक्षेपक यंत्रं पोलिसांत जमा करायला लावली. तरीही १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवलाच. त्याची लहर होती ४२.३४ मीटरची, म्हणजे आम्ही रोज रात्री जिथं ‘आवाज कसा येतो’ म्हणून विचारतो त्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातलीच. यंत्र जुळवणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे मूळचे हॅम. पुढं पोलिसांना फितले तेही तेच. त्याच्या पुढच्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हे ठाणं झालं आणि ७ जून १९४३ ला जी. डी. बापू लाडांच्या, म्हणजे प्रतिसरकारच्याच, तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. इथले निरोप पायांवर धावले. एखादा ट्रान्समीटर असता तर काय झालं असतं, यावर आमच्या बैठकीत कैक रात्री गेल्या आहेत. फिटरचं मत ठाम होतं: दिशा शोधणाऱ्या गाड्या लावून आठवड्यात धरले असते, पाय तेवढे बरे.

खरेदीचा वार ठरलेला, शनिवार. शुक्रवारी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं बंद आणि रविवारी लॅमिंग्टन रोड बंद. या रस्त्याला डॉक्टर भडकमकरांचं नाव लागून जमाना झाला, पण रेडिओवाल्याच्या तोंडी तो लॅमिंग्टनच. सकाळी दादरला उतरायचं, लोकलनं ग्रँट रोड गाठायचं, उसळपाव खायचा आणि दुकानांची शटरं वर जायची वाट बघत फुटपाथवर उभं राहायचं. तार वजनावर मिळे. गेज अंगठ्याच्या नखानं अजमावायचं काम फिटरचं, आणि तो मायक्रोमीटरच्या जवळपास सांगायचा. ८०७ नंबरचा व्हॉल्व्ह नवा घ्यायची ऐपत नव्हती. वापरलेला घेताना काचेच्या आत रुपेरी डाग शाबूत आहे का ते उजेडात धरून बघायचं. डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला.

पण दिवसाचा खरा जीव स्फटिकांत. चोरबाजारात महायुद्धातल्या लष्करी सामानाचे ढीग तेव्हाही उपसले जात होते. त्यात काळ्या बेकेलाइटच्या, काडेपेटीहून लहान डब्या सापडत. दोन पाय, तीन स्क्रू आणि वर छापलेला किलोसायकलचा आकडा. आम्हाला हवा चाळीस मीटरचा, म्हणजे ७००० ते ७१०० मधला. तसला आकडा दिसला की दुकानदार लगेच भाव चढवायचा, कारण त्याच्याकडे हॅम लोक नेहमीचे. मास्तरांनी म्हणून ७००० च्या किंचित खालचे आकडे शोधायला सुरुवात केली. ते कुणालाच नको असत, त्यामुळे मातीमोल. डबीचे स्क्रू काढायचे, आतली क्वार्ट्झची चकती काचेच्या तुकड्यावर कार्बोरंडमच्या पुडीत बोटानं हलके हलके घासायची, धुवायची, डबीत घालून मोजायची. चकती पातळ होईल तशी कंपनसंख्या वर चढते. वर नेता येतं, खाली आणणं जवळपास अशक्य. म्हणून खालचा घ्यायचा, वरचा नाही. मास्तर ही चकती घासताना बायको-पोरांना खोलीत येऊ देत नसत.

१९८४ च्या सुमारास हॅमसाठीच्या यंत्रांवरचं आयातशुल्क उठलं. त्याच साली पंतप्रधान झालेले राजीव गांधी स्वतः हॅम, खूण व्हीयू२आरजी. शहरांत जपानी सेट दिसू लागले. आमच्याकडे आली ती त्यांची चित्रं. शुल्क माफ झालं तरी मूळ किंमत आमच्या हिशेबात बसणारी नव्हती, आणि शनिवारची महालक्ष्मी चालूच राहिली.

ती थांबवली हैदराबादच्या अशहर फरहाननी. २००३-०४ च्या आसपास त्यांनी बीआयटीएक्स नावाच्या यंत्राची मांडणी सगळ्यांसाठी खुली केली. भारतातल्या कुठल्याही गावात मिळतील अशाच सुट्या भागांवर ती बेतली होती. तार गुंडाळायच्या परदेशी टोरॉइडच्या जागी नळाचा वॉशर, ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या बॅलनचा गाभा, आणि एकसारखे सर्वसाधारण स्फटिक. वॉशर आम्ही पलूसच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले. “कुठला नळ गळतोय?” असं दुकानदारानं विचारलं आणि रेडिओ दुरुस्तीवाल्यानं शांतपणे उत्तर दिलं, “रेडिओ.” वॉशरवर तार गुंडाळलेलं ते यंत्र थंडीतल्या एका रात्री बोललं, तेव्हा पलीकडून केरळातला माणूस ‘फाइव्ह नाइन’ म्हणाला. म्हणजे आवाज पूर्ण स्पष्ट, जोर पूर्ण.

मग आले चिनी हातसेट, कुरिअरनं घरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं पलूस तालुका वेढला, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, आणि पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या गावांतली पोरं विचारायला यायची, “काका, असला सेट आम्हाला पण मागवून द्या की.” आम्ही त्यांना आधी परीक्षेचा फॉर्म दाखवायचो. निम्मी तिथंच परत फिरायची. हे सेट नुसते मागवून वापरणं गुन्हा आहे, हे विकणारे सांगत नव्हते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन बाजारपेठांना वॉकी-टॉकीच्या विक्रीबद्दल नोटिसा काढल्या, तेव्हा मास्तरांनी बातमी कापून वहीत चिकटवली.

आता सगळंच घरबसल्या मिळतं, एक वस्तू सोडून. अँटेनाच्या ट्यूनरला पत्र्यांचा, हवेच्या फटीचा मोठा गँग कंडेन्सर लागतो. तो नवा कुणी करत नाही, करतो तो परवडत नाही. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ भंगारात निघतात त्यांतूनच काढावा लागतो. त्यासाठी आम्ही पुण्याचा जुना बाजार धरला आहे. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. फिटरला आता निवृत्तीमुळे दोन्ही वार चालतात, पण तो बुधवारच पसंत करतो. रविवारी गर्दीत पत्रे वाकतात, असं त्याचं म्हणणं.