गाडीवानाच्या डोक्याचे काय?

यात्रेचा हंगाम आला की नेवासे तालुक्यात बैलगाडा शर्यतींची चर्चा रंगू लागते. खिल्लार खोंडाचा खुराक, त्याची चाल, त्याची लाखांच्या घरात गेलेली किंमत यांवर पारावर तासन्‌तास बोलले जाते. त्याला हाकणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेविषयी मात्र चकार शब्द निघत नाही.

न्यायालयातही फारसे वेगळे घडले नाही. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह शर्यतींना वाट मोकळी झाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. नऊ वर्षांच्या या वादाचा केंद्रबिंदू बैल होता. ते योग्यच होते. मुक्या जनावराला वकील हवाच. परंतु छकड्यावरचा माणूस बोलका असूनही स्वतःसाठी काही मागत नाही, हे अधिक चिंताजनक आहे.

शर्यतीचा छकडा मुद्दाम हलका बांधलेला असतो. चाक खाचेत अडकले किंवा एक बैल बुजून बाजूला ओढू लागला, की तो क्षणात कलंडतो आणि गाडीवान उघड्या डोक्यानिशी फेकला जातो. ज्या मोटारसायकलवरून तो मैदानावर येतो, तिच्यासाठी कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे! हेल्मेटच्या आतील फोमचा थर आघातासरशी स्वतः चेपतो आणि कवटीला बसणारा धक्का सौम्य करतो. पण छकड्यावर ते घालणे म्हणजे मर्दुमकीला उणेपणा, अशी समजूत आहे.

हा संकोच केवळ खेड्यातला नव्हे. फॉर्म्युला वनच्या मोटारींवर चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान 2018 साली सक्तीची झाली. रोमां ग्रोजां या चालकाला ती आधी पसंत नव्हती. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीनमध्ये त्याची मोटार लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली व पेटली. तो ज्वाळांतून जिवंत बाहेर आला. ती कमान नसती तर आज बोलायला उरलो नसतो, अशी कबुली त्याने रुग्णालयातूनच दिली.

प्रेक्षकांचीही तीच कथा. ल माँ येथे 1955 साली मोटार गर्दीत उसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा युरोप जागा झाला. आपल्याकडे उत्साही मंडळी आजही धावपट्टीत उतरतात. दोन्ही बाजूंना भक्कम बांबूंचा कठडा आणि हेल्मेटविना छकडा सोडायचा नाही असा नियम, एवढे तरी यात्रा समितीला पहिल्या बक्षिसाच्या रकमेत सहज करता येईल.