परदेशी देणगी, कायदा आणि आपली गावची मंडळे

पवनीच्या जगन्नाथ टेकडीचे उत्खनन १९६९-७० मध्ये झाले. तेथील प्राचीन स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. दान कोणी दिले ते उघड असावे, ही रीत आपल्या भंडारा जिल्ह्याच्या मातीत दोन हजार वर्षांपासून आहे.

परदेशी दानही आपल्याला नवे नाही. कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून उभे राहिले. मात्र असे दान घेण्यावर कायद्याचे बंधन आहे. पहिला कायदा १९७६ साली, आणीबाणीत झाला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तो फार कडक झाला.

पूर्वी मुंबई-नागपूरची मोठी संस्था परदेशातून मिळालेल्या पैशातला वाटा नोंदणी असलेल्या लहान संस्थेला देऊ शकत होती. ती वाट २०२० मध्ये बंद झाली. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि तिने त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. आमच्या लाखनी-साकोलीकडच्या कोणत्या महिला मंडळाने एवढा पैसा पाहिला आहे? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

हिशेब मागणे गैर नाही, असे आम्ही मानतो. पैशाचा गैरवापर थांबलाच पाहिजे. पण एकच चाळणी लावली की मोठ्या संस्था वकील आणि सी. ए. नेमून पार होतात आणि गावची अभ्यासिका मात्र अडकते. नुकसान होते ते तेथे कंदील विझल्यावरही वाचू पाहणाऱ्या पोराचे.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक फरक नीट ध्यानात ठेवावा. दुबईत कामाला गेलेला आपला मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत विहाराला पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. तोच मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर ठरते. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेतल्यास पदाधिकाऱ्यांवर खटला होऊ शकतो. तेव्हा देणाऱ्याचे नागरिकत्व आधी विचारावे, त्याची नोंद ठेवावी आणि पावती फाडावी.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. शंभर रुपयांतले पाच. हे पाच रुपये घेण्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. ते घराघरांतून जमले आणि त्यांचा हिशेब दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवला गेला, तर आपली अभ्यासिका कोणत्याही कायद्याने बंद पडणार नाही.